पन्नाशीनंतरची स्त्री : घर, प्रकृती आणि परस्परांचा आधार

आपल्या सामाजिक इतिहासात स्त्री भेटते ती बहुधा तीन रूपांनी. पहिली बालवधू, दुसरी तरुण विधवा आणि तिसरी माता. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतील सुधारणेच्या चळवळी या तिघींभोवतीच फिरल्या, आणि ते स्वाभाविकही होते. कारण अन्याय तेथे उघड होता. परंतु बालवधू पुढे मोठी होते, तरुण विधवा म्हातारी होते आणि मातेची मुले आपापल्या संसाराला लागतात. त्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न इतिहासकाराने क्वचितच विचारला. पन्नाशी उलटलेली बाई घरोघरी होती, आजही आहे. पण इतिहासाच्या पानावर ती कोणाची तरी सासू, कोणाची तरी आजी म्हणून कोपऱ्यात उभी असते. आज तिला थोडे पुढे बोलवावे, ती दिवस कसा काढी, तिच्या दुखण्याखुपण्याचे कोण पाही आणि तिला आधार कोणाचा होता, एवढे तपासावे, असा हेतू आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते, असे आकडे सांगतात. हे वाचून पुष्कळांना वाटते की त्या काळी पन्नाशीची माणसेच नसावीत. तसे नाही. सरासरी इतकी खाली येई ती मुख्यतः तान्ह्या मुलांच्या मृत्यूंमुळे. जी मुलगी बालपणातून वाचली आणि पुढे सात-आठ बाळंतपणांतूनही वाचली, ती साठी-सत्तरीपर्यंत जगल्याची उदाहरणे प्रत्येक गावात असत. दुसरी गोष्ट अशी की नवरा-बायकोच्या वयांत दहा-पंधरा वर्षांचे अंतर असणे ही नित्याची बाब होती; बिजवराशी लग्न झाले असेल तर अंतर याहूनही मोठे. म्हणून जुन्या शिरगणत्या उघडल्या तर साठीपुढच्या बायकांत विधवाच बहुसंख्य दिसतात. म्हणजे आपल्याकडे स्त्रीच्या उतारवयाचा इतिहास हा पुष्कळ अंशी वैधव्याचा इतिहास आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जुन्या मराठी घरात पन्नाशीच्या बाईच्या वाट्याला दोनांपैकी एक स्थिती येई. नवरा हयात असेल तर ती घराची धनीण. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला; किती दाणे दळायला काढायचे, कोणत्या सुनेने माहेरी कधी जायचे, कोणाच्या ताटात तूप किती पडायचे, हे ती ठरवी. नवरा गेला की एका दिवसात हे सारे पालटे. ब्राह्मण आणि काही पांढरपेशा जातींत केशवपन, लाल आलवण, एकभुक्त राहणे आणि सोवळ्याचा स्वयंपाक हे तिच्या नशिबी येई. घरातील सर्वांत कष्टाचे काम तिचे, आणि शुभकार्यात तिचे दर्शन मात्र अशुभ! कष्टकरी जातींत पाट लावण्याची मोकळीक होती, केशवपन नव्हते. तेथे वयस्क बाईचे हाल निराळ्या प्रकारचे. निंदणी, खुरपणी, मळणी, सरपण आणि पाणी यांतून तिची सुटका पाय चालेनासे होईपर्यंत होत नसे. एकीला विश्रांती होती पण मान नव्हता. दुसरीला थोडा मान होता पण विश्रांती नव्हती. पहिलीलाही खरे म्हणजे विश्रांती नव्हतीच. तिच्या कामाला काम म्हणत नसत, इतकेच.

सासूच्या सत्तेविषयी आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते सर्वस्वी खोटे नाही. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, त्यांच्या इंग्रजी शिकण्याला खरा विरोध झाला तो घरातील वडीलधाऱ्या बायकांकडूनच, हे स्पष्ट सांगितले आहे. मग प्रश्न असा पडतो की ज्या बायकांनी स्वतः सोसले, त्यांनीच दुसरीची वाट का अडवावी? तो स्वभावाचा दोष म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण इतिहासाने कारण शोधले पाहिजे. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबातील विधवेला मालमत्तेत वाटा नव्हता; तिचा हक्क अन्नवस्त्रापुरता. घर तिचे नाही, शेत तिचे नाही, स्त्रीधन म्हणून अंगावरचे चार दागिने, तेही पुष्कळदा अडीअडचणीला मोडलेले. अशा बाईजवळ उरते काय? रूढीचे ज्ञान! कोणत्या सणाला काय करायचे, सोवळे कसे पाळायचे, बाळंतिणीला काय द्यायचे, हे तिला ठाऊक असे, आणि या ज्ञानावरच तिची घरातली जागा टिकून असे. सून शिकली, रूढी सैल झाली, की म्हातारीचा आधारच निसटणार. म्हणून तिने रूढीला घट्ट धरले. ज्याच्या हाती दुसरे काही नाही, तो हातात असलेले सोडीत नाही. त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

कायद्याने ही स्थिती फार सावकाश बदलली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पन्नाशीच्या बाईला तिचा काय उपयोग? १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मुलाबरोबरीचा वाटा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता; तिला तो मर्जीप्रमाणे विकता येत नसे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने प्रथमच ती आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण झाली. एवढी एक ओळ कायद्यात येण्यासाठी पहिल्या कायद्यापासून शंभर वर्षे जावी लागली.

आता परस्परांच्या आधाराकडे वळू. संस्था, मंडळे, सभा हे शब्द येण्यापूर्वीही बायका एकमेकींना सांभाळीत होत्याच. त्याची ठिकाणे ठरलेली होती : जाते, पाणवठा, परसातली विहीर, देवळाचा ओटा आणि बाळंतिणीची खोली. जाते एकटीला ओढता येते. पण दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे हलके जाते. पहाटेच्या त्या अंधारात, घरातली पुरुषमाणसे निजलेली असताना, म्हातारी आणि तरणी एका खुंट्याला हात घालून बसत आणि जे दिवसा बोलता येत नसे ते ओवीत सांगत. हेमा रायरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे भांडार ज्यांनी रचले आणि जपले, त्यांत वयस्क बायकांचा वाटा फार मोठा आहे. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल आणि मरण हे सारे विषय त्यांत आहेत. मनातले ओझे बोलून उतरवण्याची याहून जुनी जागा आपल्याकडे सापडणार नाही.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या. बाईच्या खांद्या-कमरेवरचा केवढा भार उतरला! त्याबद्दल हळहळ करणे हा ढोंगीपणा होईल. जात्याचे गोडवे गाणाऱ्याने आधी दोन पायली ज्वारी दळून पाहावी. पण भार उतरला त्याबरोबर दोघींचे बसणेही गेले. नळ घरात आला तेव्हा पाणवठ्याचेही असेच झाले. कष्ट गेले हे उत्तम झाले. परंतु कष्टाच्या निमित्ताने जी भेट होई, तिच्यासाठी दुसरी जागा करावी असे कोणाच्या मनात आले नाही.

दुसरी जुनी संस्था सुईणीची. ती बहुधा पन्नाशी गाठलेली, स्वतः अनेक बाळंतपणे पाहिलेली बाई असे. जातीपातीच्या भिंती कडक असताना तिला मात्र रात्री-अपरात्री कोणत्याही घरातून बोलावणे येई. शेक, शेगडी, धुरी, घुटी उगाळणे, अंग चोळणे ही सारी विद्या तिच्या हातात. तिच्या हाताला गुण होता तसा दोषही होता. स्वच्छतेचे शास्त्र ठाऊक नसल्याने नाळ कापण्याच्या हत्याराने धनुर्वात होई, बाळंतिणीला ज्वर येई, आणि माता व मूल दोन्ही जात. माया होती, अनुभव होता. पण शिक्षण नव्हते. परस्परांचा आधार नुसत्या मायेवर उभा राहिला म्हणजे कोठवर पुरतो आणि कोठे अपुरा पडतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

तिसरी जागा भक्तीची. पंढरीच्या वारीत, भजनात, कीर्तन-पुराणात विधवेला मज्जाव नव्हता. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणारी वारकरीण सधवा की विधवा, हे कोणी विचारीत नाही. याच्या उलट हळदीकुंकू पाहा. स्त्रियांनी स्त्रियांना भेटण्याचा हा आपल्याकडचा सर्वांत मोठा घरगुती समारंभ. पण ज्या दिवशी बाईला मैत्रिणींची गरज सर्वाधिक, त्याच दिवसापासून तिचे तेथले आमंत्रण बंद. जी मंडळी सुखात सोबत देते आणि दुःखात दार लावते, तिला आधार म्हणता येत नाही. आपल्या समाजाने ही विसंगती शतकानुशतके पाहिली आणि ती कोणाला फारशी खुपली नाही.

ज्यांना खुपली त्यांची नावे सांगितली पाहिजेत. जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, हे सर्वश्रुत आहे. फसलेल्या विधवांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी तेथे सांभाळली. परंतु त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग आपल्या विषयाशी अधिक निकटचा आहे. १८९० मध्ये जोतीराव गेले. सावित्रीबाई तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. रूढीप्रमाणे कोपऱ्यात बसण्याचे वय आणि कारण दोन्ही त्यांच्यापाशी होते. पण त्या कामातच राहिल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये, दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनी पुण्याच्या बाहेर रुग्णांसाठी सोय केली तेव्हा, सहासष्ट वर्षांच्या या बाई रोग्यांच्या शुश्रूषेत उभ्या राहिल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्या काळी प्लेगचे नाव काढताच सख्खी माणसे घर सोडून पळत. पन्नाशीनंतरच्या बाईला केवळ आधार हवा असतो असे समजणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. ती आधार देणारीही असते.

१८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. हा आश्रम तरुण विधवांसाठी होता, हे खरे. पण तो चालवला कोणी? अण्णांच्या बरोबरीने ज्या बायकांनी तो उभा ठेवला त्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव पहिल्या ओळीत आहे. त्या अण्णांच्या मेव्हणी, जन्म १८७० चा. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. आश्रमाची व्यवस्था पाहता पाहता त्या त्याच्यासाठी गावोगाव हिंडून निधी गोळा करू लागल्या. इंग्रजीवाचून काम अडते असे दिसल्यावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १९१८ मध्ये, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. १९२० मध्ये त्या परतल्या तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या. म्हणजे ज्या वयात त्यांच्या बरोबरीच्या बायका माळ ओढीत बसत, त्या वयात या बाईने आयुष्याचा नवा भाग सुरू केला. १९५५ मध्ये त्या वारल्या. पन्नाशीनंतरची ही पस्तीस वर्षे कोणत्याही हिशेबाने लहान नव्हेत.

दुसरे नाव रमाबाई रानडे यांचे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ते १९०१ मध्ये गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आतल्या होत्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली, आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिशीपासून बासष्टीपर्यंत, त्या संस्थेचा प्राण होत्या. सेवासदनाने जे मोठे धाडस केले ते हे की प्रौढ बायकांना, त्यांत विधवांना, अक्षरओळख, शिवण आणि शुश्रूषा शिकवली, आणि ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणारी बाई म्हणजे भ्रष्ट बाई, असे तेव्हाचे जनमत. पण या शिक्षणाने दोन गोष्टी एकदम साधल्या. सुईणीच्या हातात जे नव्हते ते शास्त्र बाईच्या हातात आले. आणि महिन्याच्या महिन्याला तिचे स्वतःचे चार पैसे आले. अन्नवस्त्राची मिंधी असलेली बाई प्रथमच कोणाला काही देऊ शकली.

त्याच सुमारास रुग्णालयांतही पालट होत होता. बायका पुरुष डॉक्टरला दुखणे दाखवीत नसत. मरण पत्करीत, पण नाडीही पडद्याआडून देत. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला, १८८६ मध्ये मुंबईत स्त्री-डॉक्टरांनी चालवायचे कामा रुग्णालय उघडले. आपल्या डॉक्टर रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ काम केले, आणि पासष्टीच्या आसपास निवृत्त होईपर्यंत त्या रुग्ण तपासत होत्या. या सर्व कामाचे मोल फार मोठे आहे. तरीही एक उणीव दाखवलीच पाहिजे. स्त्रीच्या आरोग्याचा विचार झाला तो तिला माता धरून. प्रसूतिगृहे निघाली, बालसंगोपन केंद्रे निघाली. स्वातंत्र्यानंतरच्या योजनाही माता आणि मूल या दोन शब्दांभोवतीच आखल्या गेल्या. ते आवश्यकच होते. पण जिची बाळंतपणे संपली ती बाई या साऱ्या हिशेबाच्या बाहेर पडली. तिचे गुडघे, तिचे डोळे, तिची हाडे, तिची झोप यांसाठी दार कोणते, हे तिला कोणी सांगितले नाही. घरच्यांनी म्हटले, "आता वयच झाले." तिनेही तेच मानले.

या मौनाला पहिली वाचा फुटली ती बायकांच्या लेखणीतून. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या, पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ ची, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ चा, आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. ही पुस्तके लिहिताना त्या बायका पन्नाशीच्या उंबरठ्यावर किंवा ती केव्हाच ओलांडलेल्या होत्या. मराठी गद्यातली अस्सल घरगुती भाषा ज्यांत सापडते त्या या पुस्तकांचे श्रेय उतारवयाकडे जाते, याची नोंद साहित्याच्या इतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. आणि त्यांचा उपयोग केवळ साहित्याचा नव्हता. गावोगावच्या बायकांनी ती वाचली, एकमेकींना वाचून दाखवली, आणि आपल्यासारखे आणखी कोणाचे झाले होते हे कळल्याने त्यांना जो धीर मिळाला त्याची गणती कोण करणार? आपले दुःख एकटीचे नाही हे समजणे, ही आधाराची पहिली पायरी आहे.

आतापर्यंत पुण्याकडे पाहिले. आता मुंबईच्या गिरणगावात जाऊ, कारण तेथला आधार निराळ्या घडणीचा होता. कोकणातून, घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून चाळीत राहात. त्यांना जेवू घालीत त्या खानावळवाल्या बायका. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाचा नवरा आजारी. एका खोलीत चूल पेटवून पंधरा-वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करायचा, पैसे महिन्याने मिळायचे आणि दाणे मात्र वाण्याकडून उधारीवर आणायचे, असा हा धंदा. संपाच्या दिवसांत कामगाराला पगार नसे. तरी या बाईने त्याचे ताट बंद केले नाही, स्वतः सावकाराची देणेकरीण झाली. अशा बायकांना एकत्र आणून, गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळू लागले. ज्यांच्या जिवावर गिरण्या चालत होत्या त्यांचे नाव कोठल्याही कागदावर नव्हते. ते प्रथम कर्जाच्या कागदावर आले. थोडे विचित्र वाटेल, पण कर्ज मिळणे हीही एक प्रतिष्ठा असते.

याच जातीची गोष्ट भिशीची आणि पुढे खेडोपाडी निघालेल्या बचत गटांची. दरमहा ठरावीक रक्कम काढायची, नडलेलीला आधी द्यायची, हिशेब सर्वांसमोर वाचायचा. १९९७ मध्ये साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अशा ठिकाणी वयस्क बाईला एक गोष्ट मिळाली जी सासूपणाच्या सत्तेतही नव्हती. सासूची सत्ता सुनेला दाबून राही. गटातली प्रतिष्ठा सुनेला बरोबर घेऊन मिळते. रूढीचा आधार गेला तरी उभे राहता येते, हे येथे दिसून आले.

आणि हळदीकुंकवाच्या बंद दाराचे काय झाले? ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने मने एका रात्रीत बदलत नाहीत. पण जी रूढी घराघरांत नकळत चाले ती गावाने उघड्या सभेत चुकीची ठरवली, याचे महत्त्व कमी नाही.

आज संख्या पालटली आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींवर भरली, आणि त्यांत स्त्रिया सुमारे ५.३ कोटी, पुरुष ५.१ कोटी. म्हातारपणात स्त्रिया अधिक, एकट्या अधिक, आणि स्वतःचे उत्पन्न असलेल्या त्यांतल्या थोड्या. भारतीय स्त्रीची मासिक पाळी सामान्यतः सत्तेचाळीस वर्षांच्या आसपास थांबते. तेथून पुढे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य उभे असते. म्हणजे ज्याला आपण उतार म्हणतो तो जवळजवळ संसाराइतकाच लांब आहे. पाळी थांबल्यावर हाडे अधिक झपाट्याने विरळ होतात. न्हाणीघरात पाय घसरणे ही मग किरकोळ गोष्ट राहात नाही. पांडुरोग, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू यांची सुरुवात गुपचूप होते. ज्यांनी आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी फुंकली त्यांच्या छातीत तो धूर साठलेला असतो.

येथे परस्परांच्या आधाराचे काम औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. बाई आपले दुखणे नवऱ्याला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. सुनेला सांगावे तर संकोच. ती सांगते शेजारणीला, भजनातल्या सोबतिणीला. म्हणून त्या सोबतिणीने काय उत्तर द्यावे, यावर पुष्कळदा जीव अवलंबून असतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर "या वयात होते असे" हे उत्तर घातक आहे. थोडे असो वा एकदाच असो, ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. स्तनात न दुखणारी गाठ लागली तर "दुखत नाही ना, मग असू दे" हेही तसेच. न दुखणारी गाठच अधिक संशयाची. "चल, मी येते तुझ्याबरोबर," एवढे एक वाक्य बोलणारी सोबतीण दहा काढ्यांपेक्षा मोलाची. सुईणीच्या काळी माया होती पण शास्त्र नव्हते. आज शास्त्र गावाजवळ येऊन थांबले आहे, त्याच्या दारापर्यंत हात धरून नेणारे कोणी हवे.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष मला असा दिसतो. आपल्या बायकांत एकमेकींविषयीची माया कधीच कमी नव्हती. जात्यावर होती, बाळंतिणीच्या खोलीत होती, खानावळीच्या चुलीपाशी होती. पण ती टिकली आणि वाढली तेथेच, जेथे तिला बसायला जागा मिळाली, हाताशी स्वतःचा पैसा आला आणि कोणालाही दार बंद झाले नाही. हिंगण्याच्या झोपडीत, सेवासदनात, अन्नपूर्णेत आणि बचत गटात या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात होत्या. जेथे त्या नव्हत्या तेथे मायेचे रूपांतर सासूच्या धाकात तरी झाले, नाहीतर निमूट सोसण्यात.

शासनाने काही केले आहे. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईबापांच्या चरितार्थाची जबाबदारी टाकली, राज्याच्या एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे भाडे. अर्ध्या भाड्याचे हसू करू नये. लेकीला भेटायला जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे. पण गावातली जागा शासन करील याची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा दुपारनंतर रिकामी असते, देवळाचा सभामंडप रिकामा असतो, वाचनालयाची एखादी खोली रिकामी असते. आठवड्यातून दोन दुपारी ती उघडावी, सतरंजी घालावी, महिन्यातून एकदा एखाद्या परिचारिकेला वजन-रक्तदाब पाहायला बोलवावे, आणि आमंत्रण देताना कोणाच्या कपाळाकडे पाहू नये. गिरणी आली तेव्हा जात्यावरची जी जागा गेली, ती भरून काढायची राहिली आहे. ते काम फार खर्चाचे नाही, आणि आपल्या गावात ते याच उन्हाळ्यात सुरू करता येण्यासारखे आहे.